एकोणीसचा टायर

औरंगाबादेत टायर घ्यायचा म्हणजे आधी दाऊद मिस्त्रीला दाखवायचा, अशी रीतच पडून गेली होती. दुकानदार कितीही मोठा असो, गिऱ्हाईक म्हणायचं, "थांबा, मिस्त्रीला विचारून येतो." दाऊद टायरला मुठीनं ठोकायचा, आत हात घालून थर चाचपायचा, कडेला उमटवलेली इंग्रजी अक्षरं पाढ्यासारखी वाचायचा आणि म्हणायचा, "घे." नाहीतर, "नको." तिसरा शब्द त्याच्या तोंडून काढायला भूत उतरवणारा पंचाक्षरी आणावा लागला असता. पैठण गेटाजवळच्या बोळात त्याचं गॅरेज. इंजिनाची कामं तर तो करायचाच, पण त्याचं नाव होतं ते टायरसाठी. म्हणायचा, "इंजिन बंद पडलं तर माणूस उभा राहतो. टायर फुटला तर आडवा होतो."

दोन सालाआधी एका ऊसवाल्या मुकादमानं जीपमागच्या ट्रॉलीला बैलगाडीचे टायर चढवले होते. बैलगाडीचा टायर दिसायला मोटारीसारखाच, वजनही मोप उचलतो. पण तो बैलाच्या चालीसाठी केलेला. मोटारीच्या वेगानं पळवला की आतून तापतो, थर सुटत जातात आणि एक वेळ अशी येते की फाटकन फुटतो. दाऊदनं त्या ट्रॉलीला हात लावला नाही. मुकादमाला चारचौघांत म्हणाला, "बैलाची नाल घोड्याला ठोकू नये. घोडं पडतं आणि वर बसलेलाही मरतो." साऱ्या बोळानं ऐकलं. अशा शहाण्या माणसानं पुढं जे केलं ते केलं, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

गाडी होती पाचोडच्या आप्पासाहेबांची. विलायती, कापडी छपराची, उंच बारीक चाकांची, काळ्या रंगाची. मूळची एका जहागीरदाराची. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि जहागीरदारानं आधी हैदराबादचा आणि मग कराचीचा रस्ता धरला. जाताना जे विकलं गेलं ते विकलं, त्यात ही गाडी आप्पासाहेबांच्या वडिलांनी, काकासाहेबांनी घेतली. गाडीबरोबर बावीस वर्षांचा दाऊदही आला, कारण ती चालवायची कशी हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसांत मुसलमानाच्या पोराला पुढं बसवून पाचोडात गाडी नेणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. लोकांनी तोंडं वाकडी केली. काकासाहेबांनी वेशीत गाडी थांबवली आणि सांगितलं, "या गाडीला हात लावंल तो दाऊद. दुसऱ्या कुणी लावला तर गाठ माझ्याशी हाय." काकासाहेब जाऊन वीस वर्षं झाली, पण हे बोलणं दाऊदनं दंडातल्या ताईतासारखं सांभाळलं होतं.

त्या घरात लग्न निघालं की वरात त्याच गाडीतून निघायची. नवरानवरी मागं, दाऊद पुढं. आणि वरात निघायच्या आधी नवरदेवाच्या फेट्यानंतर दुसरा फेटा बांधायचा तो गाडी हाकणाऱ्याला. मामा, मेव्हणे, गावचे पुढारी, सगळे त्याच्यानंतर. यावरून दर लग्नात कुणीतरी रुसायचं, पण काकासाहेबांनी घालून दिलेली रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. छप्पन साली खुद्द आप्पासाहेबांच्या वरातीत दाऊद असा फेटा बांधून बसला होता. अशा सात वराती त्यानं हाकल्या. पुढं घरात जीप आली, नवी मोटार आली, शहरात जालना रोडला बंगला झाला आणि जुनी गाडी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडात विटांवर चढून बसली. तिला अकरा वर्षं झाली.

आणि आता चौऱ्याऐंशी साली आप्पासाहेबांच्या थोरल्याचं, रणजितचं लग्न ठरलं.

दाऊदला बोलावणं आलं तेव्हा तो अठ्ठावन्नचा होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला, गुडघे धरलेले. त्याला कळत होतं की ही आपली शेवटची वरात. याच्या पुढचं लग्न त्या घरात होईल तेव्हा आपण एकतर आंधळे असू, नाहीतर मातीत. आठव्यांदा एकदा त्या गाडीवर बसायचं, फेटा बांधून, चारचौघांच्या देखत, मग काय व्हायचं ते होऊ दे. बस, एवढंच त्याला पाहिजे होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यानं कधी.

इंजिन चार दिवसांत सुरू झालं. टायरचा मात्र भुगा झाला होता. बोटानं दाबलं की शिळ्या भाकरीसारखा तुकडा पडायचा.

"दाऊदभाई, टायरचं तुमी बघा," आप्पासाहेब म्हणाले. "तुमी म्हणाल ते टाकू. पण लग्नाला वीस दिवस राहिले. नसंल जमत तर आत्ताच सांगा. घरातली नवी मोटार हाय, ती सजवू."

"जमतंय मालक," दाऊद म्हणाला. जमतंय की नाही हे अजून त्यालाच ठाऊक नव्हतं.

क्रांती चौकातल्या मोठ्या दुकानात तो गेला, तर गादीवरचा तरुण शेठ हसायलाच लागला. "चाचा, एकोणीस इंची? सोळाला जीप संपती, विसाला ट्रक सुरू होतो. मधल्या एकोणीसला कोण विचारतंय?" दाऊदनं सगळी दुकानं पालथी घातली. जालन्याला जाऊन आला. मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं, त्याचं उलट टपाली उत्तर आलं, की माल विलायतेहून मागवावा लागेल, कमीत कमी चार महिने. तोवर रणजितला पोर व्हायची वेळ आली असती.

त्याचा जुना दोस्त पुंजाराम वेल्डर म्हणाला, "एवढं काय डोकं लावतो? रिम काप. मी सोळाच्या करून देतो. चार जीपचे टायर चढव आन पळव मुंबईपर्यंत. बापजन्मात फुटायचे नायत."

उपाय चोख होता. दाऊदला तो पटलाही. पण त्यानं मनात गाडी तशी उभी करून पाहिली. उंच, ताठ, बारीक चाकांची ती गाडी जीपच्या थोराड टायरांवर बसली की चिखलातल्या म्हशीसारखी दिसणार. लोक म्हणणार, ही कुठली ती गाडी? आणि हिच्यावर बसलेला कुठला तो दाऊद?

"पाय नाय कापायचे तिचे," तो म्हणाला.

"मग बस हातात लगाम धरून," पुंजाराम म्हणाला आणि कामाला लागला.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना दाऊद काही दुसऱ्याच कामानं मोंढ्यात गेला होता. तिथं शेतीअवजारांच्या दुकानाबाहेर टायरांची रास लावलेली होती. बारीक, उंच, जुन्या घाटाचे टायर. तो थांबला. टेप लावून मोजलं. एकोणीस. अगदी एकोणीस, एक सूतही इकडंतिकडं नाही. कडेला ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, की हा टायर जनावरानं ओढायच्या गाडीसाठी आहे.

तो समोरच्या हाटेलात जाऊन बसला. एक चहा प्याला, दुसरा मागवला. वरात म्हणजे काय, माणसाच्या चालीनं निघते. पुढं बँडवाले, मध्ये नाचणारी पोरं, दहा पावलं टाकली की थांबायचं. बैलगाडीसुद्धा त्याहून जोरात जाते. आणि गाडी कोण हाकणार? आपण. आपल्या पायाखाली ती कशाला पळतेय? वरात झाली की परत विटांवर चढवायची, पुढं विलायती माल आला की बदलून टाकू. एक माणूस स्वतःला जेवढं समजावू शकतो तेवढं त्यानं समजावलं. मुकादम आठवला नाही असं नाही. आठवला, आणि दाऊदनं त्याला बाजूला सारला.

"काय मिस्त्री, बैलजोडी घेतली का काय?" अवजारवाल्यानं विचारलं.

"पाव्हण्याला पाहिजेत," दाऊद म्हणाला. टायरच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आता राहिली ती अक्षरं. वरातीत शंभर लोक गाडीला हात लावून बघणार, त्यातल्या चार शिकलेल्यांनी वाचलं तर साऱ्या शहरात हसं. शुक्रवारी भर दुपारी, सारा बोळ नमाजाला गेला असताना दाऊदनं गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि कानस घेऊन बसला. एक एक अक्षर घासून काढलं. वरून बारीक पॉलिश पेपर मारला, काळं लावलं आणि बाहेरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचं गोल कडं काढलं, जहागीरदाराच्या वेळी असायचं तसं. त्या शुक्रवारची नमाज त्याची बुडाली.

डबा घेऊन आलेली त्याची बायको मेहरुन्निसा शटरखालून वाकून आत आली. तिचे वडील खेड्यात गाडीवान होते. तिनं टायरकडं एकदाच पाहिलं.

"ये तो बैलगाडी के हैं ना जी?"

"चुप बैठ."

"और तुम्हारे सिवा किसीने चलाई तो?"

"मेरे सिवा कौन चलाता?" दाऊद म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी खात्री होती की बाईनं डबा ठेवला आणि ती निघून गेली.

आप्पासाहेब टायर बघायला आले तेव्हा गाडी नव्या नवरीसारखी उभी होती. त्यांनी पांढऱ्या कड्यावरून हात फिरवला. "पक्के हायेत ना दाऊदभाई?"

दाऊदनं तोंड उघडलं. 'वरातीपुरते' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तो बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. "पक्के हायेत," तो म्हणाला.

लग्न दुपारचं होतं. पाच वाजता वरात निघायची. मंगल कार्यालयाच्या दारात झेंडूनं मढवलेली गाडी, बँडवाले, क्रांती चौकातला फोटोवाला, पाचोडहून ट्रक भरभरून आलेली माणसं. दाऊद सकाळीच न्हाऊन, पांढरा सदरा घालून हजर होता. आप्पासाहेबांनी नवरदेवाला फेटा बांधून घेतला आणि हाक मारली, "दाऊदभाई, या." गुलाबी फेटा. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवला. नवरदेवाचे मामा दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. दाऊदचे डोळे भरून आले, आणि ते मोतीबिंदूचं पाणी नव्हतं.

तो गाडीकडं वळला तर रणजित आधीच पुढं बसलेला, स्टिअरिंगला हात लावून. शेजारच्या जागेवर नवरी, शैला, खाली मान घालून.

"चाचा, किल्ली."

दाऊदला वाटलं, पोरगं गंमत करतंय.

"आज मी चालवणार," रणजित म्हणाला. "फोटोवाला म्हणतो, नवरानवरी पुढंच पाहिजेत. ड्रायव्हर मधी आला की फोटो जातो."

दाऊदनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेबांना नेमकं त्याच वेळी बँडवाल्याला काहीतरी सांगायचं आठवलं. ते सांगून झालं तरी दाऊद तिथंच उभा, तेव्हा मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोराची हौस हाय दाऊदभाई. तुमी बाजूनं चाला की. मान तर दिला ना आपण? फेटा कुणाच्या आधी बांधला?"

मान दिला. लगाम काढून घेतला आणि झूल तेवढी अंगावर टाकली. छत्तीस वर्षं हाताखाली असलेली किल्ली त्यानं खिशातून काढून त्या पोराच्या हातावर ठेवली. रणजितला त्यानंच गाडी शिकवली होती, तो दहा वर्षांचा असताना, मांडीवर घेऊन. कुणाला आठवत असलं तरी कुणी बोललं नाही.

वरात निघाली. दाऊद फेटा बांधून गाडीच्या बाजूनं चालत होता, दरवाज्याला हात लावून, जसा घोड्याचा मोतद्दार चालतो तसा. लोक टायरकडं बोट दाखवत होते. "काय माल टाकलाय मिस्त्रीनं," म्हणत होते. टायर मजेत होते, त्यांना त्यांची सवयीची चाल मिळाली होती. दाऊदचा मात्र गुडघ्यापासून टाळूपर्यंत जाळ झाला होता. ज्या एका गोष्टीसाठी त्यानं सगळ्या जन्माचं इमान कानशीनं घासून टाकलं, ती गोष्ट त्या फोटोवाल्यानं दोन शब्दांत काढून घेतली होती.

बंगल्यापुढं वरात पोचली. नवरी उंबऱ्यावर, माप ओलांडायला उभी. बायका नाव घ्यायचा आग्रह करत होत्या. इकडं रणजित दोस्तांना सांगत होता, "उद्या सकाळी हिला घेऊन याच गाडीनं पैठणला. नाथांचं दर्शन. साठ-सत्तरनं मारतो की नाही बघा."

दाऊदनं मनात हिशेब केला. साठनं पंधरा-वीस मैल. चितेगाव ओलांडेपर्यंत टायर तव्यासारखे तापणार. आता गप्प बसणं म्हणजे खून. तो माणसं सारत आप्पासाहेबांपुढं गेला.

"मालक, गाडी पैठणला नेऊ नका. टायर बैलगाडीचे हायेत."

आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाचदहा जण हसले.

"दाऊदभाई, तुमी म्हणालात पक्के हायेत," आप्पासाहेब म्हणाले.

"बैलगाडीला पक्के हायेत. मोटारीला नायत. पळवली तर फुटतील."

रणजितनं गाडीपाशी वाकून चारी टायर फिरून फिरून पाहिले. दोघातिघांनी त्याच्याबरोबर पाहिले. "कुठं लिहिलंय चाचा? बैलगाडीच्या टायरवर तर लिहिलेलं असतं. आमच्या शेतातल्या गाडीवर लिहिलंय की ढळढळीत."

"मी घासून काढलं," दाऊद म्हणाला.

यावर जो हशा उठला तो बँडाच्या वरताण होता. कुणीतरी म्हणालं, "किल्ली गेली म्हणून मिस्त्रीच्या पोटात दुखाय लागलं." कुणीतरी म्हणालं, "फेटा उतरवून घ्या त्याचा, लई गरम झालाय." ज्या माणसाच्या 'नको'वर दुकानदारांनी माल परत पाठवला होता, त्याच्या तोंडावर पाचोडची पोरं हसत होती. आणि बोलणार काय? पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कानशीनं, नमाज बुडवून नाहीसा केला होता. मोंढ्यातला अवजारवाला? तो म्हणाला असता, मिस्त्रीनं पाव्हण्यासाठी नेले. हसणाऱ्यांत एकच चेहरा हसत नव्हता. उंबऱ्यावरची नवरी मान वर करून त्याच्याकडं बघत होती. पण दाऊदला त्या वेळी तिचं काही वाटलं नाही, त्याला फक्त हसणारे दिसत होते.

आप्पासाहेबांनी त्याला कोपऱ्यात नेलं. "तुमचं बोलणं मी आजवर कधी खाली पडू दिलं नाय. पण लग्नाच्या घरात, नवी सून दारात उभी असताना असं अभद्र बोलायला नको होतं. घरी जा आता. निजा."

दाऊदला वाटलं तर तो चारी चाकांची हवा सोडून जाऊ शकला असता. वेळ होता, खिशात पाना होता. त्यानं गाडीकडं पाहिलंसुद्धा. आणि मग त्याच्या मनानं सरळ म्हणून टाकलं, मरा तिकडं. फेटा त्यानं फाटकाच्या खांबावर ठेवला आणि तो चालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक आणि पान्यांची पिशवी घेऊन तो सिटी बसनं नक्षत्रवाडीला उतरला. पैठणचा रस्ता तिथूनच जातो. मेहरुन्निसाला सांगितलं, काही झालं तर मदतीला कुणी पाहिजे. स्वतःलाही तेच सांगितलं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर कडूबा म्हणून ओळखीचा माणूस होता. "ती जुनी मोटार?" कडूबा म्हणाला. "गेली की मघाच. झेंडूच्या माळा होत्या."

आता ती परत येईपर्यंत बसायचं. दाऊद बाकड्यावर बसला. ऊन चढत गेलं. पहिला तासभर त्याला खरंच काळजी होती. बिडकीन आलं असेल, ढोरकीन आलं असेल, पोरगं अक्कडबाज आहे, पळवणारच. मग त्याच्या डोळ्यांपुढं टायर फुटायला लागला. डावीकडचा पुढचा. गाडी नालीत. रणजित मोडलेला हात धरून बसलेला. मग आप्पासाहेबांची जीप येते, ते उतरतात, फेटा नाही, चप्पल नाही, आणि सगळ्या पाचोडपुढं म्हणतात, "दाऊदभाई, तुमचं खरं होतं." हे बोलणं दाऊदला इतकं गोड लागलं की त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं. दुसऱ्या खेपेला त्याला वाटलं, नुसत्या हात मोडण्यानं भागायचं नाही. हात काय, झाडावरून पडूनही मोडतो. काल जे हसले त्यांचं तोंड कायमचं बंद व्हायला जरा जास्त पाहिजे.

पैठणकडून एस.टी. आली आणि उतारूंसाठी थांबली. दाऊद धावत गेला. "मास्तर, रस्त्यात काही झालंय का? जुनी काळी मोटार उलटलेली दिसली का?"

"नाय बा," कंडक्टर म्हणाला. "सगळा रस्ता साफ हाय."

आणि दाऊदला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, वाईटच वाटलं. उतरलेल्या तोंडानं तो बाकड्यावर येऊन बसला, आणि दुसऱ्या एस.टी.ची वाट बघायला लागला. त्या एस.टी.च्या कंडक्टरलाही त्यानं विचारलं. तिसऱ्याच्याही.

तीनच्या सुमाराला गाडी आली. एवढी हळू येत होती की तिच्यामागून आलेला कडब्याचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढं निघून गेला. चारी टायर धड. रणजितनं दाऊदला पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

"बघा चाचा," तो उतरत म्हणाला. "फुटले का तुमचे टायर?" आणि उत्तराला न थांबता टपरीमागं सिगारेट प्यायला गेला.

नवरी उतरली. हातभर हिरवा चुडा, कपाळावर मळवटातली हळद. डोक्यावरचा पदर सावरत ती दाऊदपाशी आली आणि हळूच म्हणाली, "चाचा, मी त्यांना विसाच्या वर जाऊच दिलं नाही. बिडकीनला रुसून बसले होते. ट्रकवाले हसत होते ना. मी म्हटलं, पळवायची असंल तर मला इथंच उतरवा, मी एस.टी.नं येते."

दाऊद उभा राहिला. "तुमी माझं कशाला ऐकलं?" त्यानं विचारलं. "तिथं तर कुणीच ऐकलं नाय."

"माझे बाबा एस.टी.च्या वर्कशॉपात आहेत. ते म्हणतात, मिस्त्री माणूस बाकी कशाबद्दल खोटं बोलंल, टायरबद्दल बोलायचा नाही." ती जराशी थांबली. "आणि चाचा, एवढ्या माणसांत स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं कुणी सांगतं का? तुम्ही आमच्या जिवासाठी सांगितलीत. मला तिथंच कळलं होतं."

तिची नजर बाकड्याखालच्या पिशवीवर गेली. जॅकचा दांडा बाहेर आलेला होता.

"सकाळपासून बसलात का असे? उन्हात? आमच्यासाठी?"

दाऊदनं सकाळपासून जी जी गाडी मनातल्या मनात नालीत घातली होती त्या प्रत्येक गाडीत रणजित होता, आप्पासाहेब येत होते, पाचोड जमत होतं. ही पोर त्यानं कुठं बसवली होती? शेजारीच असणार ना ती. दुसरीकडं कुठं असणार?

शैला पदर पुढं घेऊन वाकली. तिचे हात पायांपर्यंत पोचायच्या आत दाऊदनं पाय मागं ओढले, एवढ्या जोरात की बाकडं उलटलं. ती तशीच वाकलेली राहिली, मग ओशाळून उभी राहिली. तिला वाटलं, यांच्यात पाया पडलेलं चालत नसावं.

"चुकलं का माझं, चाचा?"

दाऊदला 'नाही बेटी' म्हणायचं होतं. तेवढ्यात रणजितनं हॉर्न वाजवला, ती लगबगीनं जाऊन बसली, आणि बसल्यावरही एकदा मागं वळून तिनं हात जोडले. गाडी हळूहळू शहराकडं निघून गेली.

कडूबानं बाकडं सरळ केलं, फडक्यानं पुसलं. "बसा मिस्त्री," तो म्हणाला. "नशीब लागतं राव. एवढ्या मोठ्या घरची सून रस्त्यात उतरून पाया पडाय आली. काय पुण्य केलं असंल तुमी."